बांध फुटला असं धरून

संगणकाची मला भीती वाटायची, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, कारण गेली कित्येक वर्षं मी तेच शिकवते. पण कोल्हापुरात एम.ई.ला प्रवेश घेतला त्या वर्षी प्रयोगशाळेच्या दारात चपला काढतानाच मला परत फिरावंसं वाटायचं. आत एसीचा गारठा. भिंतीकडं पाठ करून बसलेली यंत्रं. वीज गेली की यूपीएस केकाटायला लागायचं आणि आपल्याच हातून काहीतरी बिघडलं असं वाटून मी कीबोर्डवरचा हात चटका बसल्यासारखा मागं घ्यायची.

नव्वदच्या दशकात मी डिप्लोमा केला तेव्हा आम्ही ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर लावून रेघा मारत होतो. पुढं पदवी झाली, एका तंत्रनिकेतनात तात्पुरती नोकरी लागली. कायम व्हायचं तर एम.ई. हवं होतं. दोन हजार साल उलटून गेलं होतं, आणि तोवर सगळं संगणकात शिरलं होतं. मॉडेलिंग आणि सिम्युलेशन हा आमचा मुख्य विषय. म्हणजे खऱ्या गोष्टीची गणितात नक्कल करायची आणि ती नक्कल संगणकावर चालवून बघायची. पूल हलला तर काय होईल, नदी चढली तर कुठवर येईल, हे प्रत्यक्ष घडायच्या आधी पडद्यावर बघायचं. वर्गातली पोरं माझ्यापेक्षा लहान. त्यांची बोटं कीबोर्डवर पावसासारखी पडायची. मी एका बोटानं अक्षर शोधत बसायची आणि मागं कुणी उभं राहिलं की तेही अक्षर सापडायचं नाही.

मला मार्गदर्शक मिळाले ते सर फार कमी बोलायचे. आवाज चढवायचे नाहीत, त्यामुळं त्यांची जास्तच भीती वाटायची. प्रबंधाचा विषय त्यांनीच दिला. मातीचा बांध फुटला तर खाली पाणी कसं पसरेल याचं मॉडेल.

"एखादा छोटा तलाव निवड," ते म्हणाले. "माहितीतला असेल तर बरं. मापं घ्यायला सोपं जाईल."

मी आमच्या गावचा तलाव सांगितला. मलकापूरच्या अलीकडं रत्नागिरी रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव. डोंगराच्या घळीत मातीचा बांध घालून केलेला तलाव, त्यातून निघणारा ओढा, ओढ्याच्या एका अंगाला उंचवट्यावर गाव आणि खाली ओढ्याच्या काठाला आमची वस्ती. गावाच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या वाटेवर आमची वस्ती का, हे आमच्यात कुणाला विचारावं लागत नाही. छप्पन साली आमच्या माणसांनी धर्म बदलला, पण जागा तीच राहिली. मी तो तलाव निवडला तेव्हा यातलं काही माझ्या मनात नव्हतं. ओळखीची जमीन आहे, निदान त्या बाबतीत तरी भ्यायला नको, एवढंच वाटलं होतं.

हिवाळ्यात रविवारी मी गावी जायची आणि ओढ्याची मापं घ्यायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, मलकापुरात हायस्कूलवर शिपाई होते. सुट्टीच्या दिवशी ते मापाची उंच पट्टी धरून ओढ्यात उभे राहायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला टॉवेल. मी लांबून दुर्बिणीतून आकडा वाचायची. येणारा-जाणारा विचारायचा, "आण्णा, काय चाललंय?"

"लेक ओढा मोजतीया," आण्णा सांगायचे. "कॉम्प्युटरात घालनार हाय."

बाकीची जमीन सर्वेच्या जुन्या नकाशावरून उचलली. मग सगळं एकेक करून संगणकात भरलं. ओढा किती खोल, काठावर झाडी किती, पाण्याला अडवणारं काय काय. त्यानंतर मॉडेल चालवायचं. ते चालेचना. थोडं पुढं जायचं आणि आकडे वेडेवाकडे वाढत जाऊन सगळं कोसळायचं. पाण्याची उंची डोंगराएवढी दिसायला लागायची. त्यातून सुटलं तर लोडशेडिंग. यूपीएस मान टाकायचं आणि दिवसभर चाललेलं गणित काळ्या पडद्यात जायचं. मंगळवार पेठेत एका तालमीमागच्या बोळात माझी खोली होती. परत येताना तालमीच्या कट्ट्यावरची माणसं हसत असायची आणि मला वाटायचं, ही मलाच हसतायत. आपल्याला हे झेपणार नाही, नोकरी जाणार, आण्णांना काय सांगायचं, एवढंच रस्ताभर डोक्यात.

एका दुपारी ते चाललं. शेवटपर्यंत. पडद्यावर वरून पाहिलेलं आमचं गाव होतं, नुसत्या रेघांचं. घळीतून निळा रंग सुटला, ओढ्यानं खाली आला, वळणावर काठ सोडून बाहेर पडला आणि आमच्या वस्तीवर चढला. तिथली घरं मी हौसेनं चौकोन करून काढली होती. समाजमंदिर, तात्यांचं घर, आमचं घर. एकेक चौकोन निळा झाला. वरच्या गावाला काही झालं नाही. बाजूला वेळ दिसत होती. बांध फुटल्यापासून आमच्या दारात पाणी यायला चुलीवर चहाला उकळी फुटावी एवढाच वेळ लागत होता.

सर मागं येऊन उभे राहिले होते. "छान," ते म्हणाले. "आता स्थिर झालं मॉडेल."

मी मान हलवली. आई त्या वेळी भाकऱ्या थापत असेल, असं मनात आलं. तिला चुलीपुढून उठायला गुडघ्यावर हात ठेवून आधी एकदा दम घ्यावा लागतो, हेही आठवलं.

त्यानंतर काही आठवडे मी एकच उद्योग केला. बांधाला पडणारं भोक लहान धरलं. पाणी कमी धरलं. झाडी जास्त दाखवली. काहीतरी केल्यानं पाणी आमच्या दाराच्या अलीकडं थांबेल म्हणून आकडे फिरवत राहिले. पाणी उशिरा यायचं, कमी यायचं, पण यायचंच. शेवटी मी सरांना म्हणाले, "सर, हे आमचं घर आहे."

त्यांनी खुर्ची ओढली. माझ्याशेजारी बसले. पहिल्यांदाच.

"हे बघ," ते म्हणाले. "तू त्याला सांगितलंस की बांध फुटला असं धर. म्हणून तो फुटला. तो फुटणार आहे की नाही, हे या यंत्राला माहीत नाही. मलाही नाही. फुटलाच तर काय, एवढंच आपण विचारलंय."

मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण गावी गेले की नजर आपोआप वर बांधाकडं जायची. लहानपणी त्याच बांधावरून आम्ही पळत होतो. आईला किंवा आण्णांना मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? यंत्राला काही माहीत नाही, पण मला भीती वाटते, असं?

पुढच्या पावसाळ्यात, आषाढ संपता संपता, शाहूवाडीकडं पाऊस कोसळत होता. कोल्हापुरातही पंचगंगा चढली होती. एके सकाळी घरमालकीणबाईंनी खालून हाक मारली, "बाई, तुमच्या वडलांचा फोन!" आण्णा मलकापूरच्या बूथवरून बोलत होते. पावसाच्या आवाजात निम्मं ऐकू येत नव्हतं.

"बरी हाईस न्हवं? काय न्हाई, सहज केलता. तलाव भरलाय बग यंदा लवकर. सांडव्यावरनं पानी चाललंय."

"आनि?"

"आनि काय न्हाय. बांधाच्या बुडाला झरा फुटलाय म्हनं. पोरं बगून आल्याती. तुला इच्यारावं म्हटलं, तू शिकतीयास ते."

"आण्णा, पानी कसलं हाय? नितळ का गढूळ?"

"मातकट हाय. च्यासारकं."

मातीच्या बांधातून थोडं पाणी पाझरतंच. नितळ पाझरलं तर चालतं. पण गढूळ येत असेल तर ते आतली माती घेऊन येतंय, बांध आतून पोखरला जातोय. पुस्तकातल्या त्या वाक्याखाली मी स्वतः रेघ मारली होती.

मी तशीच सरांच्या घरी गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पायात चप्पल घातली आणि मला स्कूटरवर मागं बसवून कॉलेजात आणलं. तिथल्या फोनवरून ते पाटबंधारे खात्याच्या साहेबांशी बोलले. साहेब म्हणाले, माणसं पाठवतो, पण ती घाटाकडं गेलीत आणि तिकडच्या रस्त्यावर झाडं पडलीत, पोचायला संध्याकाळ होईल.

"मी जाते सर," मी म्हणाले.

"जाऊन काय करशील?"

"माहीत नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "माणसं आधी वर काढ," ते म्हणाले. "बांधाचं खातं बघेल. आणि हे बघ, मॉडेलनं सांगितलं म्हणून सांगू नकोस. पाणी गढूळ आहे म्हणून सांग."

एस.टी. खच्चून भरलेली. पन्हाळ्याचा फाटा गेला, बांबवडं गेलं, काचांवर पावसाशिवाय काही दिसत नव्हतं. मी डोळे मिटून ते पडद्यावरचं चित्र आठवत होते. वस्ती बुडते, पण ओढ्यापासून जरा लांब असलेली शाळा कोरडी राहते. तिच्या चौकोनाला निळा रंग कधी लागला नव्हता. सगळ्यांना शाळेत न्यायचं, असं मी मनाशी पक्कं केलं. निदान एवढं तरी मला माहीत होतं.

फाट्यावर उतरले आणि गावच्या रस्त्याला लागले. उन्हाळ्यात तो रस्ता नवीन झाला होता, आणि त्यानंतर मी पहिल्यांदाच येत होते. चालता चालता माझं लक्ष बाजूला गेलं आणि पाय थांबले. दोन्ही अंगांची शेतं खाली होती. खूप खाली. रस्ता मुरूम टाकून पुरुषभर उचलला होता आणि ओढ्यापाशी त्याच्या पोटात पाणी जायला एक लहानशी मोरी ठेवली होती. मोरी आत्ताच काठोकाठ वाहत होती. आम्ही मापं घेतली तेव्हा इथं सपाट शेत होतं. जुन्या नकाशातही शेतच होतं. माझ्या मॉडेलमधलं पाणी इथून मोकळं पुढं जाऊन पसरत होतं.

ते आता जाणार नव्हतं. रस्ता त्याला अडवणार होता. म्हणजे पाणी रस्त्याच्या मागं तुंबणार, आणि तुंबून वर चढणार. आणि रस्त्याच्या मागंच, हाताच्या अंतरावर, शाळा होती.

मी त्या पावसात तिथंच उभी राहिले. इतकी घाबरले नव्हते कधी. माणसांना जिथं न्यायचं म्हणून मी निघाले होते तिथं ती सापळ्यात सापडली असती. आणि आता विचारायला संगणक नव्हता, सर नव्हते. किती चढेल? शाळेच्या खिडकीपर्यंत? छपरापर्यंत? मी बोटांवर अंदाज करायला लागले आणि एकही आकडा डोक्यात टिकेना. शेवटी एवढंच ठरवलं की शाळा नको, कुठलीच मधली जागा नको, गाव जिथं आहे त्या उंचवट्यावरच जायचं.

आण्णा बांधाखाली छत्री धरून उभे होते. पाणी सोडायचा पाइप जिथं बांधातून बाहेर येतो त्याच्या शेजारून झरा येत होता. पोराच्या मनगटाएवढी धार. मी ओंजळीत घेतलं. रंग दूध घातलेल्या चहासारखा, आणि पाणी ओघळून गेल्यावर तळहातावर बारीक माती उरली. मी ती चोळून बघितली. आण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"वाईट हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"चला," मी म्हणाले. "वस्तीत चला."

समाजमंदिराच्या ओसरीवर माणसं जमली. मी सांगितलं, पाणी गढूळ येतंय, खात्याची माणसं निघालीत, पण ती यायच्या आत आपण वर गेलं पाहिजे. मग एकदम सगळेच बोलायला लागले. म्हशी कुठं बांधायच्या? धान्याची पोती? एक बाळंतीण होती, तिला पावसात कसं न्यायचं?

"शाळंत जाऊ की," कुणीतरी म्हणालं. "जवळ हाय."

"शाळंत न्हाई!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की आई दचकली. "रस्ता उचललाय. पानी अडून शाळंत येनार. वर गावात जायचं."

गावात म्हटल्यावर सगळे तात्यांकडं बघायला लागले. तात्या वस्तीतलं सगळ्यात थोरलं माणूस. वर मोठी जागा म्हणजे देवळाचा मंडप.

"माज्या बानं छप्पन सालाला त्या देवळाकडं पाट केली," तात्या म्हणाले. "मी आता म्हातारपनी तितं निजायला जाऊ व्हय? बुडालो तरी चालंल."

"देवळात न्हाई तात्या. दूध संस्थेच्या हॉलात."

तात्यांनी दाढी खाजवली. "डेअरीत जातो," ते म्हणाले. "तितं माजंबी दूध जातंय."

दूध संस्थेचे चेअरमन वरच्या गावातले बडे शेतकरी. त्यांच्या वाड्यासारख्या घरापुढं मी आयुष्यात कधी एकटी उभी राहिले नव्हते. लहानपणी आईबरोबर तण काढायच्या, भांगलणीच्या रोजाला निघालं की त्यांच्या परड्याच्या बाहेरच थांबायची सवय. आता ओल्या कपड्यांनी पायरीपाशी उभी राहून मी हाक मारली. ते पान चघळत बाहेर आले.

"चेरमन, वस्तीतली मानसं वर आनायची हायत. डेअरीचा हॉल उघडून द्या."

"कोन म्हनतंय बांध फुटतोय म्हनून?"

"फुटतोय असं न्हाई म्हनत मी. बुडातनं गढूळ पानी येतंय. फुटला तर वस्ती ऱ्हात न्हाई."

त्यांनी पिंक टाकली आणि माझ्याकडं नीट बघितलं. "कॉम्प्युटरात बघितलंयस म्हनं तू."

"व्हय."

"माजं घर?"

"तुमचं ऱ्हातंय."

मला वाटलं, आता नाही म्हणणार. मग त्यांनी आत वळून किल्ली मागवली. "उघडतो की," ते म्हणाले. "पर सकाळच्या दुधाच्या आत मोकळा झाला पायजे. फ्याट बगायचं मशीन हाय तितं, पोरं हात लावत्यात."

अंधार पडायच्या आत बहुतेक माणसं वर आली. आईनं भिंतीवरच्या दोन तसबिरी लुगड्यात गुंडाळून आणल्या होत्या आणि पिठाचा डबा. बाळंतिणीला खाटेसकट आणलं, वर ताडपत्री धरून. त्या खाटेचा एक पाय चेअरमनच्या थोरल्या मुलानं धरला होता, हे मी बघितलं. खात्याची माणसं दिवस मावळताना पोचली. त्यांचा साहेब माझ्याच वयाचा होता, चेहरा उतरलेला. झऱ्याच्या तोंडावर त्यांनी आधी वाळू, मग खडी, मग दगड असे थर रचायला सुरुवात केली, म्हणजे पाणी येईल पण माती अडेल. दुसऱ्या टोकाला जादा पाणी बाहेर जायचा सांडवा खोदून खाली घ्यायला लागले, तलाव लवकर उतरावा म्हणून. आण्णा आणि वस्तीतले बापे त्यांच्यात सामील झाले. मला तिथं उभं राहायचा धीर होईना आणि हॉलात बसायचाही होईना. बांधावर काम करणाऱ्या माणसांत माझा बाप होता. बांध फुटला असता तर वस्तीच्या आधी ते गेले असते. हे मी कुठल्या मॉडेलमध्ये घातलं नव्हतं.

उजाडलं. बांध होता तसाच होता.

माणसं दुधाच्या किटल्या घेऊन यायला लागली आणि आमची माणसं अंथरुणं गुंडाळून भिंतीला सरकली. कुणीतरी खिडकीतून बघून म्हणालं, "बांध हाय तितंच हाय की!" आणि हशा पिकला. शेजारची काकू चवताळून माझ्यापुढं आली.

"माजी अंड्यावरची कोंबडी मुंगसानं न्हेली राती. ती न्हाई दिसली व्हय गं तुज्या कॉम्प्युटरात?"

"जीव ऱ्हायला न्हवं तुजा?" आई उलटून म्हणाली. "का कोंबडीसंगं जायचं हुतं?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी नवीनच भीती शिरली होती. मी चुकले असेन तर? तसं असेल तर उद्या मी बोलले तरी कुणी ऐकणार नाही. आणि तसंच झालं. दुसऱ्या संध्याकाळी पाऊस चालूच होता, झरा पूर्ण थांबला नव्हता, पण निम्मी वस्ती घरातच राहिली. मी दारोदार फिरले. "जा गं बाय, तूबी नीज," असं माझीच समजूत घालून माणसं दार लावून घेत होती. तात्या मात्र मुकाट्यानं घोंगडं घेऊन पुढं निघाले. त्यांना का वाटलं यावंसं, मी विचारलं नाही. पहिल्या रात्रीपेक्षा ती रात्र मला वाईट गेली. आता खाली कोण कोण आहे, ते मला घरागणिक माहीत होतं.

आणखी एक दिवस गेला आणि सांडव्यातून तलाव पुरुषभर उतरला. झरा नितळ झाला. साहेब येऊन म्हणाले, "आता घरी जा तुम्ही, बाई." मी कोल्हापूरला परतले आणि तापानं पडले.

उन्हाळ्यात खात्यानं तो बांध खोदायला काढला. साहेबांनी सरांच्या हाती निरोप पाठवला की मला बघायचं असेल तर यावं. मी गेले. जेसीबीनं बांध मधोमध पाइपापर्यंत उघडला होता. ताज्या मातीच्या दोन उभ्या भिंती, आणि खाली तो पाइप. पाइपाच्या कडेनं पोकळी झाली होती. बाहेरच्या तोंडाशी हात जाईल एवढी, आणि आत आत मोठी होत गेलेली. तलावाच्या बाजूला तिच्यात आणि पाण्यात राहिली होती ती भिंत फार जाड नव्हती.

"अजून थोडा पाऊस," साहेब म्हणाले आणि पुढं बोलले नाहीत.

आण्णा माझ्याबरोबर होते. ते खाली उतरले आणि काय मनात आलं कोण जाणे, वाकून त्या पोकळीत शिरले. आत उकिडवे बसले. मावले.

"आण्णा, भायेर या!" मी किंचाळले. तलाव तेव्हा आटलेला होता, पाण्याचा टिपूस नव्हता. तरी मी तिथंच मातीच्या ढिगावर बसले. आण्णा धूळ झटकत वर आले. त्यांच्या तोंडावरचा रंग उडालेला होता.

मग मी मॉडेल पुन्हा केलं, यावेळी रस्ता घालून. पाणी रस्त्यापाशी तुंबलं आणि शाळा बुडाली. खिडकीच्या वर, छपराच्या खाली. तो आकडा बघितल्यावर मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि कठड्याला धरून उभी राहिले. सर आले नाहीत मागं. त्यांनी बहुतेक मुद्दाम येणं टाळलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. करड्या मिशांचे, चष्म्यावरून बघणारे. रात्रभर पाठ केलेलं सगळं त्यांच्यासमोर उभं राहताच पुसलं गेलं.

"बांध प्रत्यक्षात फुटला नाही," ते म्हणाले. "मग तुमचं मॉडेल बरोबर आहे हे तपासलं कसं?"

मी सरांकडं बघितलं. ते खाली कागदाकडं बघत होते.

"तपासलं नाही, सर," मी म्हणाले. "ते तपासायचं तर बांध फुटायला हवा. आणि खाली माझं घर आहे."

मग परीक्षकांनी पान उलटलं आणि गणितातला काळाचा टप्पा एवढाच का घेतला, असं विचारलं. ते मला आलं. पास झाले, पुढं नोकरीही कायम झाली. भीती गेली असं म्हणणार नाही. अजूनही विद्यार्थ्यांच्या पडद्यावर निळा रंग खाली सरकायला लागला की मी आधी नकाशाचं साल विचारते.

तोंडी परीक्षेच्या दिवशी आण्णा कोल्हापुरात आले होते. सरांनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि स्वतः मॉडेल चालू करून दाखवलं. आण्णा खुर्चीच्या कडेवर बसून बघत होते.

"ह्यो आपला ओढा?"

"व्हय."

"आनि हे घर आपलं?"

"व्हय आण्णा."

निळं आलं आणि चौकोन झाकला गेला. आण्णा वाकून शोधत राहिले.

"आनि आमी कुटं हाय ह्यात?"

"मानसं नसत्यात ह्यात, आण्णा."

"एकबी न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी सरांकडं बघून, पुन्हा एकदा लावा म्हणून हात केला. सरांनी लावलं. संपल्यावर आण्णा उठले, सरांना हात जोडले आणि मला म्हणाले, "चल, मलकापूरची गाडी चुकंल."